बसायचे भाडे



मराठीत "बसणे" हा मोठा गमतीचा शब्द आहे. पुरुष मंडळी एकमेकांना फोनवर "आज बसायचं का?" असे विचारतात, तेव्हा त्यात दारूचे नावसुद्धा नसते, तरी ऐकणाऱ्याला सगळे समजते. घरातल्या बाईलाही समजते. माझ्या मते पबच्या बिलाचा उलगडा या एका शब्दातच आहे. लोक तिथे पिण्याचे पैसे कमी आणि बसण्याचे जास्त देतात.

आमच्या महिला मंडळात सध्या हा विषय फार निघतो. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला, शुक्रवारी रात्री ऑफिसची मंडळी पबमध्ये जाणार, आणि आपला मुलगा किंवा सून "मी फक्त मॉकटेल घेते" म्हणत सोबत जाणार. एका रात्रीचे दोन-दोन हजार. बहुतेकींचे म्हणणे असे पडले, की एवढ्या पैशात महिन्याचे दूध येते, मुलांना सांगा की हे परवडणारे नाही. माझे मत वेगळे आहे. पैशांचा मुद्दा खोटा नाही, पण तो पहिला मुद्दा केला तर आपण हरणार. का, ते सांगते. थोडे आकडे येतील, कंटाळू नका. 1981 ची बी.कॉम. आहे मी. नोकरी केली नाही, पण हिशोब सुटला नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. दारूला शिवत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आला तेव्हा त्याने मोबाईलमध्ये एक बिल दाखवले. आठ जण होते. खाण्याचे 4,800, त्यावर पाच टक्के जीएसटी 240. दारूचे 9,600, त्यावर व्हॅट 960. एकूण 15,600. आठ जणांत समान वाटणी, प्रत्येकी 1,950. त्याच्या वाट्याचे खाणे करासकट 630 रुपयांचे. उरलेले 1,320 रुपये हे इतरांच्या दारूचे, जे न पिणाऱ्याने भरले. महिन्यातून दोनदा असे झाले तर वर्षाचे 31,680 होतात. मी ते कागदावर मांडून दाखवले तर म्हणतो, "मावशी, तू ऑडिटर व्हायला हवी होतीस."

आता त्या 9,600 मध्ये काय काय आहे ते बघू. 2025 च्या 10 जूनला आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने मद्यावरचे कर वाढवले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पट होते, ते साडेचारपट केले. 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीला 80 रुपये, भारतीय बनावटीच्या विदेशीला 205 आणि उंची विदेशीला 360 ठरवली. वर्षाला सुमारे 14,000 कोटींचा जादा महसूल मिळेल असा सरकारचा अंदाज होता. त्याआधी 2023 च्या नोव्हेंबरपासून परमिट रूममध्ये वाढलेल्या दारूवरचा व्हॅट पाचवरून दहा टक्के झालाच होता, आणि परवाना शुल्कही वाढले होते. बारवाले इतके वैतागले, की 14 जुलै 2025 ला राज्यभर परमिट रूम आणि बार बंद ठेवून त्यांनी निषेध केला.

म्हणजे बाटली महागच आहे. तरी 205 ची 180 मिली म्हणजे तीस मिलीचे सहा पेग, एकेक साधारण 34 रुपयांना. भाच्याच्या बिलावर सगळ्यात स्वस्त पेग 240 रुपयांचा होता. दर्जा वेगळा असेल, मान्य. तरी ती मधली तफावत दारूची नाही. ते भाडे आहे जागेचे, एसीचे, गाण्याच्या गोंगाटाचे, वेटरच्या अदबीचे आणि परवान्याचे. आणि मुख्य म्हणजे तीन तास कोणी "उठा आता" म्हणत नाही, त्याचे. पिणारा ते आनंदाने देतो, कारण त्याला बसायला जागा हवी असते.

इथवर आपल्या मंडळातल्या भगिनी माझ्याबरोबर असतील. पुढचे जरा अवघड आहे.

आमच्या केळव्यात शहरातल्यासारखा पब नाही. पण दारू किती आहे ते सोमवारी सकाळी सुरूच्या बनात फिरायला जाणाऱ्यांना विचारा. शीतलादेवीच्या दर्शनाला येणारी कुटुंबेही येतात, नाही असे नाही. पण शनिवार-रविवारी मुंबईहून, वसई-विरारहून गाड्या भरून पोरे येतात, डिकीत खोका असतो. त्या खोक्यातला माल पुष्कळदा दमणचा. दमण इथून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. केंद्रशासित प्रदेश, कर कमी, त्यामुळे तिथे बाटली आपल्याहून बरीच स्वस्त. तिथली दारू चोरून महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, उत्पादन शुल्क खात्याची माणसे तलासरीच्या बाजूला हायवेवर गाड्या तपासतात, तरी माल येतोच.

आता बघा. पबमध्ये दोन-तीन ग्लासांतच माणसाचा खिसा बोलायला लागतो, म्हणून तो थांबतो. वाळूवर बसलेल्या पोरांना थांबवणारे काहीच नसते. बाटली आणलीय ना, मग संपवायची. पाण्यासारखी पितात आणि त्या अवस्थेत खऱ्या पाण्यात उतरतात. भरती-ओहोटीचे कळत नाही त्यांना. सकाळी वाळूत काचा. मासळीच्या टोपल्या घेऊन अनवाणी चालणाऱ्या बायकांच्या पायात त्या जातात.

म्हणून म्हणते, "पबमधली दारू महाग आहे, परवडत नाही" हे आपण मुलांना सांगितले, तर हुशार मुलगा म्हणेल, ठीक आहे आई, दमणहून आणतो, निम्म्यात पडेल. मग आपण काय उत्तर देणार? किमतीवरून वाईट ठरवलेली गोष्ट किंमत उतरली की चांगली होते. दुकानदारीचा हा साधा नियम आहे, आणि आपल्या समाजाला दुकानदारी शिकवायला नको.

कॉलेजात अर्थशास्त्राला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत होता. पहिला लाडू खाताना जेवढे समाधान, तेवढे दुसऱ्याला नाही, चौथ्याला तर नकोच वाटते. आमच्या सरांनी फळ्यावर त्याचे अपवाद लिहून दिले होते, त्यात कंजूषाचा पैसा होता आणि व्यसन होते. दारूत पुढच्या पेल्याची ओढ आधीच्यापेक्षा वाढते. तेव्हा पाठ करून पेपरात लिहिले. आज वाटते, जी वस्तू आपल्या किमतीचा अंदाजच बिघडवते, तिची किंमत "वसूल झाली का" हे पिणाऱ्याला विचारून काय उपयोग? त्याला त्या रात्री तरी वसूलच वाटणार.

शिवाय बिलावर न छापलेला भाग वेगळाच. 19 मे 2024 ची पुण्यातली कल्याणीनगरची घटना सगळ्यांना आठवत असेल. सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनियरांना उडवले, दोघेही गेले. तो आधी मित्रांसोबत पबमध्ये होता. एका पबात दीड तासात 48,000 रुपयांचे बिल झाले होते, असे पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी सांगितले. आपल्या राज्यात बिअरला 21 वर्षे आणि बाकी मद्याला 25 वर्षे पूर्ण लागतात. प्यायला परवानाही लागतो, एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये आणि विदेशीला पाच रुपये. पाच रुपयांचा कागद बघायचे काम कोणी केले नाही आणि 48,000 चे बिल मात्र घेतले. त्या बिलाचा सर्वांत मोठा हिस्सा ज्यांनी भरला, ते दोघे त्या टेबलावर बसलेलेसुद्धा नव्हते. त्यांच्या आया कुठल्या खात्यावर नावे टाकणार?

"थोडी घेतली तर काय होते" असे आपल्यातही आता ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. आपल्याकडे हे सांगायला इतकी वर्षे लागली नाहीत. श्वेतांबर भगिनींकडे मदिरा चार महाविगईंत, आम्हा दिगंबरांकडे मद्य, मांस, मधु या तीन मकारांत. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्य हे असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान म्हटले आहे. आंबवल्याशिवाय दारू होत नाही आणि आंबवणे म्हणजे जीवांची वाढ आणि मग त्यांचा नाश, हे शाळेत विज्ञान शिकलेल्या कुठल्याही मुलाला पटवून देता येते. तेव्हा आपला मुद्दा क्रमांक एक हा. दमणची स्वस्त असो की लोअर परळची महाग, जीव तेवढेच.

आता भाच्याच्या त्या 1,320 रुपयांकडे परत येते, कारण मला त्याचेच जास्त लागले आहे. आपल्याकडे कोणतेही कर्म तीन प्रकारे होते: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे, केलेल्याला संमती देणे. मुलगा पीत नाही, म्हणजे कृत नाही. आपण आया तिथेच सुटकेचा श्वास सोडतो. पण दुसऱ्याच्या दारूचे पैसे आपल्या घामाच्या पगारातून देणे हे काय झाले? माझी धाकटी जाऊ म्हणते, हा नुसता व्यवहार आहे, वाटणीत एवढे बघायचे नसते, चार लोकांत राहायचे तर थोडे इकडे-तिकडे होणारच. ती माझ्यापेक्षा शांत स्वभावाची आहे आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, मुलाने नोकरीत एकटे पडू नये. तरी मला ते पटत नाही. टेबलावर नुसते बसणे हे फार तर अनुमोदनाच्या काठावर येईल. पैसे मोजणे सरळ कारितात जाते. ज्याचे पैसे त्याची खरेदी, हे जमाखर्चाचे पहिले सूत्र आहे.

आणि हे मुलांना ऐकवायचे तर आधी आपल्या घरचे बघावे लागेल. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या समाजातली काही लग्ने रिसॉर्टवर झाली. नावे घेत नाही, कोणाचे मन दुखवायचे नाही. सकाळी शांतिविधान, सूर्यास्ताच्या आत जेवण, सगळे नेमाने. आणि संगीताच्या रात्री मागच्या हॉलमध्ये "नवरदेवाच्या मित्रांसाठी" वेगळा काउंटर. तिथे महाराजांच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारे काकाही दिसले. पुढे अशाच एका घरच्या यजमानीणबाईंनी हिशोब जुळत नाही म्हणून मला बिल बघायला दिले. दारूचा उल्लेख कुठेच नव्हता. सजावटीच्या खात्यात एक मोठी रक्कम होती, फुलांच्या मानाने फारच मोठी. मी त्यांना एवढेच विचारले, की एवढी फुले कुठे लावली होती? त्या हसल्या, मग गप्प झाल्या.

जो खर्च त्याच्या नावाने वहीत लिहायची लाज वाटते, तो करायचा कशाला? खाजगी समारंभात दारू द्यायची तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो, म्हणजे सरकारदरबारी ती दारू म्हणूनच लिहिली जाते. फक्त आपल्या वहीत ती झेंडूची फुले होते.

"सगळेच पितात, पाहुण्यांना काय वाटेल" हे कारण दिले जाते. खोटे आहे ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची 2019-21 ची फेरी बघा. देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे शंभरात साधारण एकोणीस, बायकांत दीडसुद्धा नाही. म्हणजे पाचातले चार पुरुष पीत नाहीत, आणि त्यांत जैन किती थोडे. न पिणारे लोक बहुसंख्य असून लाजतात, ही एक आश्चर्याचीच गोष्ट आहे.

इथे माझ्या शेजारणीचे सांगते. त्यांची पानवेलीची वाडी आहे, नारळ आहेत, आणि मागच्या बाजूला चार खोल्या पर्यटकांना देतात. जैन नाहीत, त्यांचे जेवणखाण वेगळे, तो प्रश्न नाही. फोनवर पाहुणा दर विचारायच्या आधी विचारतो, "बसायला चालेल ना?" पूर्वी त्या हो म्हणत. दोन वर्षांपूर्वी एका रात्री दंगा झाला, तेव्हापासून नाही म्हणायला लागल्या. पहिल्या मोसमात खोल्या रिकाम्या राहिल्या, नुकसान झाले, मला वहीच दाखवली. आता कुटुंबे येतात, दर थोडा कमी घ्यावा लागतो, पण चादरी फाटत नाहीत, रात्री जागावे लागत नाही. अजून पहिल्याइतकी कमाई झालेली नाही, हेही त्या स्पष्ट सांगतात. मला त्यांचे जास्त कौतुक वाटते, कारण त्यांना कुठल्याही शास्त्राने अडवले नव्हते आणि फायदा समोर दिसत होता.

आता बसण्याबद्दल. मुलांना बसायला जागा हवी असते हे मी सुरुवातीला म्हटले, ते चेष्टेने नाही. आपल्या घरात ती जागा आपण देतो का? मुलाचे मित्र आले की आपण पहिल्यांदा त्यांची आडनावे विचारतो. मग स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकतो. चौविहार असल्याने संध्याकाळी ओटा आवरलेला, नऊला दिवे बंद, आणि तरुण मुलगी मैत्रिणींबरोबर दहापर्यंत हसत बसली तर सासूबाई खोकतात. मग ती 240 रुपयांचा पेग विकणारी जागा त्यांना मोकळी वाटली तर नवल काय? आपला नियम रात्री खायचा नाही असा आहे, रात्री बोलायचे नाही असा नाही.

मी आमच्या पडवीत दोन बाकडी टाकून घेतली आहेत. भाचा मित्रांना घेऊन आला की मी सूर्यास्तापूर्वी सगळ्यांना जेवू घालते, कोकम सरबताचा मोठा जग भरून ठेवते. ज्यांना रात्री चालते ते घेतात, ज्यांना चालत नाही ते नुसते बसतात. मग मी आत जाते आणि दार लोटून घेते. हे दार लोटणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि सर्वांत अवघडही. गेल्या वेळी पावणेबारापर्यंत आवाज येत होता. यांना दोनदा उठून बाहेर जावेसे वाटले, मी जाऊ दिले नाही.

आता ऑफिसच्या पार्टीला तर जावेच लागते. तिथे भाच्याला मी एकच गोष्ट सुचवली. ऑर्डर द्यायच्या आधी वेटरला सांगायचे, खाण्याचे आणि दारूचे बिल वेगळे कर. शेवटी सांगितले तर कंजूष दिसतो, आधी सांगितले तर शिस्त दिसते. त्याला खूप संकोच होता. दोन महिने "बघू, बघू" करत होता. मग एका शुक्रवारी सांगून टाकले. वेटरला त्यात काही विशेष वाटले नाही, त्यांच्या मशीनमध्ये ती सोय असते म्हणे.

गंमत म्हणजे आठातल्या आणखी दोघांनी लगेच सांगितले, आमचेही याच्यातच धर. एक सातारचा, एक केरळची मुलगी. दोघेही पीत नव्हते आणि वर्षभर गुपचूप वाटणी भरत होते. आता तिघांचे बिल वेगळे येते, गेल्या वेळचे करासकट 1,890 आले. बाकीचे पाच जण त्यावर काय म्हणाले ते त्याने सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही.